सर्दीला आलेल्या पेशंटचं बीपी : नव्या जनरल प्रॅक्टिशनरसाठी हृदयविकाराच्या धोक्यांचं स्क्रीनिंग

दवाखान्याची पाटी लावून चार-सहा महिने झाले असतील तर एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल, की "डॉक्टर, मला हार्टचा धोका किती आहे ते बघा" असं म्हणत कुणी येत नाही. लोक येतात ते सर्दी-खोकला, अंगदुखी, जुलाब घेऊन, नाहीतर नातवाला दाखवायला. ज्याचं बीपी दोन वर्षांपासून वाढलेलं आहे तो माणूस नातवाला मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसलेला असतो आणि त्याला स्वतःला काहीही होत नसतं.

माझ्या प्रॅक्टिसच्या पहिल्याच वर्षी एसटीत कंडक्टर असलेले एक गृहस्थ घसा दुखतो म्हणून आले. वय ४३. सवयीनं बीपी बघितलं, १६८/१०४ निघालं. "जिना चढून आलो ना मॅडम, म्हणून असेल," ते म्हणाले. मी "पुढच्या आठवड्यात परत दाखवून जा" म्हटलं, केसपेपरच्या कोपऱ्यात आकडा लिहिला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. ते आले नाहीत आणि मलाही आठवण राहिली नाही. दीड वर्षानं त्यांच्या अंगावरून वारं गेलं. घरी व्हिजिटला गेले तेव्हा त्यांच्या पत्नीनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून सगळे जुने कागद काढून पलंगावर मांडले. त्यात माझा केसपेपर होता. कोपऱ्यात, माझ्याच अक्षरात, १६८/१०४.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. धोका सापडला की स्क्रीनिंगचं निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं तो माणूस परत आला तरच होतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या दुसऱ्या निम्म्यासाठी आहेत असं समजून वाचा.

आपल्याकडे हे काम लवकर सुरू करावं लागतं. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात (२००४) तंबाखू, चरबीचं बिघडलेलं प्रमाण, बीपी, डायबेटिस, सुटलेलं पोट, मानसिक ताण, फळं-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि दारू या नऊ गोष्टींवरून पहिल्या हार्ट अटॅकच्या धोक्यापैकी सुमारे ९० टक्के उलगडा झाला. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या पेशंटचं पहिल्या अटॅकचं सरासरी वय ५३ निघालं. इतर देशांत ते ५९ च्या आसपास होतं. या नऊंपैकी बहुतेक गोष्टी तुमच्या टेबलावरच सापडतात. बीपीचं मशीन, मोजपट्टी, ग्लुकोमीटर आणि नीट विचारलेले चार प्रश्न एवढंच भांडवल लागतं.

१. ज्याला त्रास आहे त्याचं स्क्रीनिंग करू नका

ही पायरी सगळ्यात आधी, कारण इथे चूक झाली तर ती भरून निघत नाही. स्क्रीनिंग हे ज्याला काही होत नाही त्याचं. म्हणून पस्तिशीच्या पुढच्या माणसाला आधी एवढं विचारा: "जिना चढताना, पाणी भरताना, जेवून लगेच चालताना छातीत, गळ्यात, जबड्यात किंवा हातात दाटल्यासारखं होतं का? थांबलं की बरं वाटतं का?" 'छातीत दुखतं का' एवढंच विचारलंत तर उत्तर 'नाही' येतं. लोक त्याला दुखणं म्हणत नाहीत. 'गॅस धरतो', 'भरून येतं', 'ॲसिडिटी होते' म्हणतात.

उत्तर 'हो' असेल तर त्याच दिवशी ईसीजी आणि फिजिशियनकडे चिठ्ठी. ईसीजी नॉर्मल आला तरीही चिठ्ठी द्याच. बसल्याजागी छातीत दाटलंय, घाम फुटलाय, असा पेशंट असेल तर ॲलर्जी किंवा रक्तस्राव नाही याची खात्री करून ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावायला द्या, ईसीजी काढा आणि १०८ ला फोन करा. अँटासिड पाजून 'बघू थोडा वेळ' म्हणू नका. डायबेटिसच्या पेशंटला आणि बायकांना पुष्कळदा छातीत काहीच होत नाही. नुसता दम लागतो, नाहीतर दोन दिवसांपासून जीव थकल्यासारखा वाटतो.

२. कुणाला तपासायचं ते आधी ठरवून ठेवा

ऐनवेळी, चेहरा बघून ठरवलंत तर जाड माणसंच तपासली जातील आणि सडपातळ पेशंट निसटतील. सरकारी कार्यक्रमात आशाताई घरोघर जाऊन ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (धोक्यांची प्रश्नावली) भरतात आणि बीपी-शुगरची तपासणी होते. वयाची तीच रेघ आपल्या दवाखान्यातही ठेवा. माझी पद्धत अशी: अठराच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी वर्षातून एकदा तरी. तिशी ओलांडली की बीपी, कंबर, शुगर आणि तंबाखूचा प्रश्न. तंबाखूचा प्रश्न तर कॉलेजातल्या मुलालाही.

तिशीच्या आत कुणाची पूर्ण तपासणी करायची? ज्याच्या आई-वडिलांना डायबेटिस आहे, ज्याच्या वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, अथवा आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हार्टचा त्रास झाला, ज्याचं पोट सुटलं आहे. 'घरात कुणाला हार्ट होतं का' असं मोघम विचारू नका. 'वडील कितव्या वर्षी गेले, कशानं गेले' असं विचारा. 'झोपेतच गेले, पंचेचाळीसचे होते' हे उत्तर मी कितीतरी वेळा ऐकलं आहे, आणि सांगणाऱ्याला त्यात हृदयाचा संबंध वाटत नसतो.

बायकांना तीन प्रश्न जास्तीचे. गरोदरपणात बीपी वाढलं होतं का? तेव्हा शुगर निघाली होती का? आणि पाळी कधी गेली, की पिशवी काढली आहे? गरोदरपणात बीपी वाढलेल्या किंवा शुगर निघालेल्या बाईला पुढे बीपी, डायबेटिस आणि हृदयविकार होण्याची शक्यता जास्त असते, पण बाळंतपण झालं की तो कागद ट्रंकेत जातो आणि कुणी मागत नाही. पिशवी काढण्याचा प्रश्न तर आपल्या राज्यात फार जवळचा आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या अशा ऑपरेशनांची २०१९ मध्ये राज्यभर चर्चा झाली. पस्तिशीच्या आत पिशवीबरोबर बीजकोशही काढले असतील तर त्या बाईचा धोका तिच्या वयाच्या हिशेबानं मोजू नका, तो जास्त धरा.

३. बीपी : इथे घाई करू नका

सगळं स्क्रीनिंग या एका आकड्यावर उभं आहे, आणि हाच आकडा सगळ्यात जास्त चुकीचा घेतला जातो.

आधी खुर्ची. बाहेरच्या बाकाला पाठ नसते, म्हणून एक पाठ असलेली खुर्ची वेगळी ठेवा. तिच्या उजव्या हाताला स्टूल, हात हृदयाच्या उंचीवर येईल असं. पेशंटला त्या खुर्चीवर पाच मिनिटं बसू द्या. पाय जमिनीवर टेकलेले, एकावर एक नाहीत. लघवीला जाऊन आलेला. चहा किंवा विडी घेऊन अर्धा तास झालेला. आणि तोंड बघा. खरंच बघा, कारण गालात तंबाखूचा बार ठेवून बसलेल्या माणसाचं बीपी तुम्ही तंबाखूसकट मोजत असता. चूळ भरायला लावा, अर्धा तास थांबवा, मग मोजा.

पट्टा उघड्या दंडावर. शर्टाची बाही वर गुंडाळून घट्ट वळकटी झाली तर ती काढायला सांगा. ब्लाऊजची घट्ट बाही तशीच त्रास देते. पट्ट्यातली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के भागाभोवती यायला हवी. म्हणजे एक पट्टा सगळ्यांना चालत नाही. २७ ते ३४ सेंटिमीटर घेराला नेहमीचा, त्याच्या वर मोठा, त्याच्या खाली लहान. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी उगाच जास्त निघतं. याच्या उलट, शेतमजुरी करणाऱ्या काटक बाईच्या दंडाला मोठा पट्टा गुंडाळला की खरं वाढलेलं बीपीसुद्धा नॉर्मल दिसतं. ती बाई परत कधी येईल याची खात्री नसते, म्हणून ही दुसरी चूक मला जास्त भीतीदायक वाटते.

मोजताना बोलू नका, त्यालाही बोलू देऊ नका. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजा आणि सरासरी लिहा. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचं घ्या; पुढे ज्या हाताचं जास्त निघालं त्याच हाताचं घेत जा. मनगटाचं मशीन नको. दंडाचं डिजिटल मशीन चांगलं, पण आधी दोन बोटांनी नाडी बघा. नाडी अनियमित असेल तर डिजिटल आकड्यावर विसंबू नका, कानानं ऐका आणि त्या पेशंटचा ईसीजी काढा. घड्याळासारख्या काट्याचं (ॲनेरॉइड) मशीन असेल तर दर सहा महिन्यांनी जुळवून घ्या. आणि कृपा करून शून्यावर थांबलेले आकडे लिहू नका. ज्या दवाखान्याच्या वहीत पान भरून १२०/८० आणि १३०/८० आहे, तिथे बीपी मोजलेलं नाही, अंदाजानं लिहिलेलं आहे.

आता आकडा आला. १४०/९० च्या वर असेल तर आज आजाराचं नाव देऊ नका, तारीख द्या. १६०/१०० च्या आत असेल तर दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्यांदा, त्याच्या वर असेल तर त्याच आठवड्यात. १३० ते १३९ मधल्यांना तीन ते सहा महिन्यांनी. घरी मशीन असेल तर सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजून लिहून आणायला सांगा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी १३५/८५ च्या वर आली तर ते वाढलेलं धरा. दवाखान्यात येताच ज्यांचं वाढतं ते लोक इथे ओळखू येतात.

१८०/११० च्या वर निघालं तर दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा घ्या. डोकं फुटल्यासारखं दुखणं, छातीत दुखणं, दम, अंधुक दिसणं, हातापायात जोर नसणं यांतलं काही असेल तर तातडीनं मोठ्या हॉस्पिटलला पाठवा. काहीच नसेल तर त्याच दिवशी औषध सुरू करून दोन-तीन दिवसांत परत बोलवा. जिभेखाली निफेडिपिन फोडून बीपी झटक्यात खाली आणण्याची जुनी सवय काही ठिकाणी अजून दिसते. ती घेऊ नका. झपकन उतरलेल्या बीपीनंच मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

एक गोष्ट सर्दीच्या पेशंटबद्दल खास. त्यानं मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या सर्दीच्या गोळीत फिनाइलएफ्रिन असतं, अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक घेतलेलं असतं, घशासाठी दिवसभर ज्येष्ठमधाची कांडी चघळलेली असते. तिन्हींनी बीपी वाढू शकतं. म्हणून त्या दिवशीचा आकडा वाढलेला निघाला तर आठवड्यानं, हे सगळं थांबल्यावर परत बघा. पण 'सर्दीमुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका. माझ्या कंडक्टरसाहेबांना जिन्याचं कारण होतं. प्रत्येकाला काहीतरी असतंच.

४. तंबाखूचा प्रश्न कसा विचारायचा

'तंबाखू खाता का?' 'छे.' पुढचा प्रश्न. असं झालं तर तुम्ही काहीच विचारलं नाही.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू चघळणारे किंवा लावणारे प्रौढ २४.४ टक्के आणि ओढणारे ३.८ टक्के निघाले. म्हणजे आपला पेशंट सिगारेटवाला कमी, चुन्याच्या डबीवाला जास्त. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी खिशात पुडी निघते. म्हणून नाव घेऊन विचारा: विडी, सिगारेट, तंबाखू-चुना, मावा, गुटखा, विदर्भात असाल तर खर्रा. बायकांना 'मिश्री लावता का' हे वेगळं विचारा, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासणं असतं. मी विचारते, "सकाळी दाताला काय लावता? दिवसातून किती वेळा?" एका आजींनी बोटं मोजून सांगितलं, "पाच येळा. न्हाई लावली तर डोकं चालत न्हाई." हे व्यसन आहे असं त्यांना त्याआधी कुणी म्हटलंच नव्हतं.

पुडी उठल्या-उठल्या अर्ध्या तासात लागते का, हे विचारून ठेवा. लागत असेल तर नुसत्या सल्ल्यानं सुटणं कठीण, निकोटिनच्या गोळ्या किंवा च्युइंगम लागतील. सोडण्याची तारीख त्याच्याकडूनच काढून घ्या आणि केसपेपरवर लिहा. १८०० ११२ ३५६ ही सरकारची मोफत क्विटलाइन आहे. नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

ताटाबद्दलही असंच, मोजता येईल असं विचारा. 'मीठ कमी खा' याला अर्थ नाही, कारण प्रत्येकाला स्वतःचं मीठ कमीच वाटतं. मी विचारते, घरात माणसं किती आणि मिठाचा किलोचा पुडा किती दिवस पुरतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ हवं. चार माणसांना किलोचा पुडा ५० दिवस पुरायला हवा. महिन्यात संपत असेल तर घरातली बाई स्वतःच हिशेब लावते, मला काही बोलावं लागत नाही. त्यात पापड, लोणचं, फरसाण, सुकट हे धरलेलंच नाही, तेही सांगा. तेलाचा प्रश्न असाच: माणशी महिन्याला अर्धा लिटर, त्याच्या पुढे किती?

व्यायामाचं थोडक्यात. 'घरातलं काम होतंच की' हे उत्तर शेतावर जाणाऱ्या बाईचं असेल तर मान्य करा. दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याचं असेल तर रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं चालणं. झोप, घोरणं, दारू, कर्जाची किंवा घरची काळजी हेही विचारा, पण त्यासाठी दुसरी-तिसरी भेट बरी. पहिल्या भेटीत कुणी सांगत नाही.

५. कंबर आणि वजन

आपल्या लोकांसाठी बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. पण मला वजनकाट्यापेक्षा मोजपट्टीवर जास्त भरवसा आहे, कारण बारीक हातापायांचा आणि सुटलेल्या पोटाचा माणूस वजनात 'नॉर्मल' दिसतो. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर ही रेघ. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर मोजा. पँटच्या पट्ट्याचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पट्टा पोटाखालून जातो. बायकांची कंबर निऱ्यांवरून मोजली तर दोन-चार सेंटिमीटर वाढून येते. मदतनीस ताईंना पडद्याआड मोजायला शिकवा आणि परकराची नाडी थोडी सैल करायला सांगा.

६. शुगर

टोचण्याआधी हात साबणानं धुवून कोरडे करायला लावा. मे महिन्यात आमरसाची तयारी करून थेट दवाखान्यात आलेल्या एका बाईंची बोटावरची शुगर २९० निघाली. त्या रडायलाच लागल्या. हात धुवून दुसऱ्या बोटाची घेतली, ११२. त्यानंतर आमच्याकडे ग्लुकोमीटर बेसिनशेजारीच ठेवलेला असतो. पावसाळ्यात पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तर पट्ट्या दमट होऊन भलतेच आकडे देतात, तेवढं मदतनिसांना बजावून ठेवा.

कधीही घेतलेली शुगर १४० च्या पुढे असेल तर लॅबमधून उपाशीपोटी आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी अशी तपासणी करा. उपाशी १२६, दोन तासांनी २००, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ६.५ या डायबेटिसच्या रेघा. लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवर डायबेटिस म्हणू नका, दुसरा करून घ्या. उपाशी १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर. एचबीएवनसी सोयीची वाटते, पण रक्त कमी असलेल्या बाईत ती फसवू शकते, आणि विदर्भात किंवा नंदुरबारकडे प्रॅक्टिस करत असाल तर सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) लक्षात ठेवा; तिथे एचबीएवनसीवर निदान करूच नका. ताप किंवा मोठं दुखणं चालू असतानाही नको. बरा झाल्यावर करा.

टोचायला नकोच म्हणणाऱ्यासाठी चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशननं बनवलेला भारतीय डायबेटिस रिस्क स्कोअर कामाचा आहे. वय, कंबर, हालचाल आणि आई-वडिलांचा डायबेटिस या चारच गोष्टींवर १०० पैकी गुण. ६० किंवा जास्त आले की तोच गुणांचा कागद त्याच्या हातात देते. बहुतेक जण मग बोट पुढे करतात.

७. लिपिड

रक्तातल्या चरबीच्या या तपासणीला उपाशी राहायची गरज बहुतेकांना नसते. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे आलं तरच उपाशीपोटी परत. आपल्याकडे ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) कमी हे चित्र फार दिसतं. अशा वेळी नुसतं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) बघून समाधान मानू नका, एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून नॉन-एचडीएल काढा. वजाबाकी तुमची, पैसे लागत नाहीत. एलडीएल १९० च्या पुढे असेल तर थायरॉइड बघा, टाचेच्या वरच्या स्नायुबंधाला (टेंडनला) गाठी आहेत का ते चाचपा आणि त्याच्या भावंडांना व मुलांना बोलावून घ्या, कारण हे घराण्यात चालत आलेलं असू शकतं. घरात कमी वयात अटॅक आलेला असेल तर लायपोप्रोटीन-ए (रक्तातल्या चरबीचा घराण्यातून येणारा एक प्रकार) आयुष्यात एकदा करून घ्यावं. महाग आहे, म्हणून सगळ्यांना लिहीत नाही.

बीपी किंवा शुगर निघालेल्या प्रत्येकाची किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणीही याच वेळी पाठवा.

८. सगळं एकत्र मांडा

जागतिक आरोग्य संघटनेचे २०१९ चे रंगीत तक्ते आहेत. त्यातला दक्षिण आशियाचा छापून काचेखाली ठेवा. ४० ते ७४ वयासाठी, पुढच्या १० वर्षांत अटॅक किंवा लकव्याचा धोका किती, हे त्यात दिसतं. एक तक्ता कोलेस्टेरॉलसह आणि एक नुसत्या बीएमआयवर. लॅब नसलेल्या गावात दुसरा चालतो. पेशंटला हिरवा आणि लाल रंग लगेच कळतो.

पण तक्त्याला काय दिसत नाही तेही ओळखून राहा. त्यात विडी-सिगारेट आहे, मिश्री आणि मावा नाही. वडिलांचा अटॅक नाही, पोट नाही, ट्रायग्लिसराइड नाही. ३६ वर्षांच्या माणसासाठी तर तक्ताच नाही. अशांना मी एक रंग वरचा धरते. आणि ज्याला आधीच अटॅक येऊन गेला आहे किंवा ज्याचं एलडीएल १९० च्या पुढे आहे, त्याला तक्ता लावायचाच नाही. डायबेटिस असून चाळिशी ओलांडलेली असेल तर स्टॅटिनचा (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचा) विचार रंगाची वाट न बघता करा.

काय करू नका तेही सांगते. काही त्रास नसलेल्या, धोका कमी असलेल्या माणसाचा ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, सीटी अँजिओ करायला पाठवू नका. नॉर्मल ईसीजी हातात पडला की तो माणूस तीन वर्षं निर्धास्त तंबाखू खातो. अटॅक न आलेल्या सगळ्यांना सरसकट ॲस्पिरिन लिहू नका, रक्तस्रावाचं नुकसान होतं.

९. सांगायचं कसं

"तुम्हाला बीपी आहे" असं म्हणू नका. बीपी सगळ्यांना आहे, तुमचं वाढलंय असं म्हणा. लगेच दोन वाक्यं येतील: "पण मला काहीच होत नाही", आणि "गोळी एकदा चालू झाली की जन्माची लागते." पहिल्याला मी म्हणते, "काही होत नाहीये तोवरच ते खाली आणायचं असतं." दुसऱ्याला वाद घालत नाही. "आपण तीन महिने घेऊ, मोजू, मग तुम्हीच बोला." घरात स्वयंपाक करणारं माणूस सोबत असेल तर मीठ-तेलाचं त्यांच्यासमोर बोला. नसेल तर पुढच्या वेळी घेऊन या म्हणा.

गोळ्यांचा खर्च झेपत नसेल तर स्पष्ट विचारा आणि लाज न वाटता प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जनऔषधी केंद्रात पाठवा. पेशंट आपल्या हातून जाईल ही भीती मनातून काढून टाका. २०१७ मध्ये सुरू झालेल्या इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह या बीपी आटोक्यात आणण्याच्या कार्यक्रमाच्या पहिल्या जिल्ह्यांत आपले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते. तिथे जे जमलं ते साध्या गोष्टींवर: ठरलेली औषधं, एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या, पेशंटचं कार्ड, आणि न आलेल्यांची यादी.

१०. वही

कॉम्प्युटर असेल तर उत्तम, मी दोनशे पानी वहीत करते. नाव, वय, स्वतःचा मोबाइल, मुलाचा किंवा शेजाऱ्याचा मोबाइल, तारीख, आकडा, पुढची तारीख, आणि शेवटचा रकाना 'आले'. वाढलेला आकडा लाल शाईनं. ही वही बाहेरच्या टेबलावर उघडी पडू देऊ नका. दर शनिवारी दुपारी आमच्या मदतनीस ताई 'आले' चा रकाना रिकामा असलेल्यांना फोन करतात. अर्धा तास लागतो.

वेल्समधल्या ग्लिनकॉरग नावाच्या खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट हे डॉक्टर होते. आपल्या प्रॅक्टिसमधल्या प्रत्येकाचं बीपी मोजणारे पहिले डॉक्टर म्हणून त्यांचं नाव घेतात. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी हे काम हाती घेतलं. कुणी कशासाठीही आलं तरी बीपी मोजायचं, आणि जे येत नाहीत त्यांच्या मागे लागायचं. पंचवीस वर्षांचा हिशेब त्यांनी पुढे मांडला, तेव्हा शेजारच्या गावापेक्षा त्यांच्या गावात अकाली मृत्यू कमी झालेले दिसले. त्यांच्याकडे होतं ते सगळं आपल्याकडे आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची पानं मी वेगळी ठेवते. ते दिवाळीच्या सुमारास निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. निघण्याआधी बोलावून तीन महिन्यांच्या गोळ्या, आकडे लिहिलेलं कार्ड आणि 'कारखान्याच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात हे दाखवा' असा निरोप. मुंबई-पुण्याला मुलाकडे जाऊन राहणाऱ्या आई-वडिलांचंही तसंच.

डिसेंबरमध्ये एक दुपार काढून वहीतून मोजा. वर्षात तिशीवरची किती माणसं आली, किती जणांचं बीपी मोजलं, किती जणांचं वाढलेलं निघालं, त्यातले किती परत आले आणि आज किती जणांचं १४०/९० च्या खाली आहे. माझ्या पहिल्या वर्षीच्या मोजणीत तिसऱ्या आणि चौथ्या आकड्यात निम्म्याचा फरक होता. तुमचाही पडेल, तेव्हा घाबरून मोजणं सोडू नका. त्या निम्म्यांची नावं वेगळ्या कागदावर उतरवा आणि पहिले दहा फोन स्वतः करा. "गोळ्या का बंद केल्या?" असं सुरुवातीलाच विचारलंत तर पलीकडून फोन ठेवला जाईल. मी म्हणते, "काका, गोळ्या संपल्या असतील ना? उद्या बाजाराला याल तेव्हा दोन मिनिटं येऊन जा. नुसतं बीपी बघू, त्याचे पैसे नाही घेणार."